अंगणवाडीतले दोन तास लेकरांना परत द्या

प्रति,
अंगणवाडी आणि बालवाटिकेचा (शाळेतल्या पहिलीआधीच्या वर्गाचा) कारभार पाहणारे अधिकारी, विदर्भातील लोकप्रतिनिधी आणि जिल्हा परिषदांचे पदाधिकारी यांस,

स.न.वि.वि.

मेंदूची ८५ टक्के वाढ सहाव्या वर्षाआधी होते, हे वाक्य राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधून निघून तालुक्या-तालुक्याच्या फलकांवर पोचलं आहे. त्याच्या जोडीला दुसरं वाक्य असतं: बालशिक्षणावर घातलेला पैसा पुढे कितीतरी पटीनं परत येतो. ज्या अंगणवाडीच्या ओट्यावरून ही दोन्ही वाक्यं बोलली जातात, त्याच अंगणवाडीत शिकवायला वेळ उरलेला नाही. म्हणून हे पत्र.

आम्ही सेविकांच्या प्रशिक्षणाचं आणि बालशिक्षणाच्या साहित्याचं काम करतो. मेळघाटापासून झाडीपट्टीपर्यंतच्या गावांत तीन ते सहा वर्षांची लेकरं काय शिकतात, कुठे अडतात, हे पाहणं हेच आमचं रोजचं काम. आपण ज्या संशोधनाचा हवाला देता ते संशोधन आम्हालाही महत्त्वाचं वाटतं. पण ते पूर्ण वाचलं तर सोयीच्या ओळींखेरीज आणखीही काही हाती लागतं, आणि ते लोकांसमोर यायला हवं.

परताव्याचा जो आकडा सांगितला जातो त्याचं मूळ बहुतेक वेळा अमेरिकेतल्या पेरी बालवाडीत असतं. मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावी १९६२ साली हा प्रयोग सुरू झाला. गरीब घरांतली १२३ मुलं. त्यांतल्या ५८ जणांना बालवाडी मिळाली, ६५ जणांना नाही. कुणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणून तुलना विश्वासाची. शाळेत गेल्यावर काही वर्षांतच दोन्ही गटांच्या बुद्ध्यांकातला फरक पुसला गेला. पण ही माणसं चाळिशीला आली तेव्हा बालवाडीत गेलेल्यांची कमाई जास्त होती, आणि पाच किंवा अधिक वेळा अटक झालेल्यांचं प्रमाण ३६ टक्के होतं. दुसऱ्या गटात ते ५५ टक्के. जेम्स हेकमन या नोबेल विजेत्या अर्थशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरूनच वर्षाला ७ ते १० टक्के परताव्याचा हिशेब मांडला.

आता त्या बालवाडीत काय होतं ते पाहा. पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका. शाळेच्या दिवसांत रोज अडीच तास. शिवाय दर आठवड्याला दीड तास शिक्षिका घरी जाऊन आईसोबत बसायची. म्हणजे तो परतावा एवढ्या मेहनतीचा आहे. नुसतं पटावर नाव चढवून, खिचडी वाढून आणि लेकरांना भिंतीला टेकवून बसवून तो मिळेल, असं त्या अभ्यासात कुठेही म्हटलेलं नाही.

विदर्भाला याहून जवळचा अभ्यास जमैकाचा आहे, आणि त्याचं नाव आपल्या भाषणांत का येत नाही हे आम्हाला कळत नाही. किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ मध्ये ९ ते २४ महिन्यांची, कुपोषणामुळे वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली. काहींना दूध पावडरीचा पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्य सहायिका आठवड्यातून एक तास जायची आणि घरगुती खेळणी घेऊन आईला लेकराशी बोलायला, खेळायला शिकवायची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी पाहिलं तर ज्यांच्या घरी खेळ आणि गप्पा पोचल्या होत्या त्यांची कमाई बाकीच्या खुंटलेल्या मुलांपेक्षा २५ टक्के जास्त होती. नुसत्या आहाराचा असा दूरचा फायदा दिसला नाही.

हे वाचून आहार कमी करा असं कुणी म्हणू नये. उपाशी लेकरू शिकत नाही. पण आमच्या जिल्ह्यांत अंगणवाडीचं यश वजनकाट्यावरच मोजलं जातं: सॅम (तीव्र कुपोषित) किती, मॅम (मध्यम कुपोषित) किती, उंची भरली का, टीएचआर (घरी न्यायचा आहार) वाटला का. लेकरू दिवसभरात किती बोललं, याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही.

उलट बाजूचाही पुरावा सांगतो, कारण तो लपवला तर आमच्या मागण्यांना अर्थ राहणार नाही. अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यात सरकारी पूर्वप्राथमिक वर्गांचा मोठा अभ्यास झाला, सुमारे तीन हजार मुलांचा, तोही चिठ्ठीच्या पद्धतीनं. सुरुवातीला फायदा दिसला. २०२२ साली सहावीपर्यंतचे निकाल आले तेव्हा त्या वर्गांत गेलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा अभ्यासात मागे आणि शिस्तीच्या तक्रारींत पुढे निघाली. बोस्टन शहरात उलट झालं: परीक्षेच्या गुणांत फरक दिसला नाही, पण पुढे कॉलेजात जाणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. म्हणजे बालवाडी या नावात जादू नाही. आत काय चालतं आणि पुढची शाळा ते कसं उचलते, यावर सगळं अवलंबून आहे. वाईट बालवाडी लेकराला मागेही खेचू शकते, हे मान्य करूनच पुढचं बोलायला हवं.

आपल्या देशातला सगळ्यात उपयोगी पुरावा तमिळनाडूचा आहे. तिथे ३२० अंगणवाड्या घेतल्या आणि निम्म्यांत फक्त शिकवण्यासाठी गावातलीच एक अर्धवेळ बाई नेमली. सेविकेच्या डोक्यावरचा एक भार उतरला आणि शिकवण्याचा निव्वळ वेळ दुप्पट झाला. १८ महिन्यांनी, जी मुलं अंगणवाडीत टिकली त्यांची प्रगती गणितात ०.२९ आणि भाषेत ०.४६ प्रमाण विचलन (गुणांतला फरक मोजायचं संख्याशास्त्रातलं माप) इतकी जास्त भरली. शिक्षणाच्या कार्यक्रमांत एवढा फरक क्वचित मिळतो. सगळ्याच मुलांची घरी जाऊन चाचणी घेतली तेव्हा फरक लहान होता, पण होता. आणि सेविकेला आहाराकडे बघायला सवड मिळाल्यानं खुंटलेल्या आणि तीव्र कुपोषित मुलांचं प्रमाणही तिथे कमी निघालं. शिक्षण की पोषण, हा वाद ज्यांना घालायचा आहे त्यांनी हा अभ्यास आधी वाचावा.

आता आपल्याकडची सकाळ बघू. अंगणवाडी चार तासांची धरा. पहिला अर्धा-पाऊण तास लेकरं गोळा करण्यात जातो, कारण आया सातलाच वावरात निघून गेलेल्या असतात आणि लेकरू आजीजवळ नाहीतर मोठ्या बहिणीजवळ असतं. मग हजेरी, तीही दोनदा: एकदा वहीत, एकदा पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर. नेटवर्क नसेल तर रस्त्याकडे जाऊन. नंतर नाश्ता. एखादी गरोदर बाई टीएचआर न्यायला आलेली असते. तिचा चेहरा ॲपमध्ये ओळखला गेला नाही तर पुन्हा पुन्हा फोटो. त्यातच मुख्य सेविकेचा (सेविकांवरच्या पर्यवेक्षिकेचा) फोन, आजच्या आज अमुक माहिती पाठवा. मदतनीसची जागा रिकामी असेल तर सेविका स्वतः चुलीपाशी. जेवण आणि हातपाय धुणं धरून तास गेला. उरतात वीस-पंचवीस मिनिटं, त्यात एक बालगीत आणि एक ते वीस आकडे घोकून होतात. आठवड्यातला एक दिवस लसीकरणाचा, एक बैठकीचा. यात सेविकेचा दोष काडीचाही नाही. एकात्मिक बालविकास योजनेच्या सहा सेवांपैकी पूर्वशालेय शिक्षण ही एक. बाकीच्या पाचांचा हिशेब रोज मागितला जातो, तर सहावी मागे पडणारच.

ही आमची पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार. बाकीच्या तिच्याच पोटातून आल्या आहेत.

दुसरी तक्रार भाषेची. धारणी-चिखलदऱ्यात कोरकू, झरी-पांढरकवड्याकडे कोलामी, भामरागडात माडिया (गोंडीचाच एक प्रकार), तांड्यांवर बंजाऱ्यांची गोरमाटी. कोरकू मुंडा कुळातली, गोंडी आणि कोलामी द्राविडी. मराठीशी त्यांचं घराणंच वेगळं. पाण्याला कोरकूत 'डा' म्हणतात, गोंडीत 'येर'. साडेतीन वर्षांचं लेकरू 'पाणी' हा शब्द पहिल्यांदा अंगणवाडीत ऐकतं. अशी मुलं महिनोन्महिने गप्प बसतात आणि 'मंद' ठरतात. पुष्कळ ठिकाणी सेविकेला ती बोली येते, ती घरी तीच बोलते, पण तपासणीला माणूस आला की मराठीत शिकवून दाखवावं लागतं म्हणून तिनं बोली सोडलेली असते. पहिलं वर्ष पूर्ण बोलीत, दुसऱ्या वर्षी गोष्ट बोलीत आणि गाणी मराठीत, तिसऱ्या वर्षी दोन्हीकडे ये-जा, असा क्रम ठेवला तर लेकरू मराठीही नीट उचलतं. धोरणात मातृभाषेचा आग्रह आहे. तपासणीच्या कागदावर तो उतरलेला नाही.

तिसरी तक्रार लिहिण्याच्या घाईची. आईबाप रिक्षानं लेकरू तालुक्याच्या कॉन्व्हेंटला पाठवतात, तिथे चौथ्या वर्षी एबीसीडीची पानं भरून घेतात, आणि ते बघून अंगणवाडीतही पाटी-पेन्सिल हाती येते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, राजस्थान, आसाम आणि तेलंगणातल्या सुमारे १४,००० मुलांच्या पाठपुराव्यातही हेच चित्र होतं: खाजगी वर्गांत वयाआधीच लिहायला-घोकायला लावणं, अंगणवाडीत फारच थोडं शिकवणं, आणि दोन्हीकडून पहिलीत आलेली बरीच मुलं तयारीत कच्ची. या वयात मनगटाची हाडं अजून पुरती भरलेली नसतात. बोटांत जोर यायला तुरीच्या शेंगा सोलणं, मातीचे बैल करणं, कणीक तिंबणं, ओल्या कापडाचं पाणी पिळणं हीच कामं लागतात. त्याआधी पेन्सिल दिली की लेकरू ती मुठीत धरतं, आणि ती सवय पुढे सुटायला जड जाते.

आकड्यांचं पण तसंच. चार वर्षांची पोर वीसपर्यंत घडाघडा म्हणते, पाहुणे टाळ्या वाजवतात. तिला म्हणा, 'मला पाच बांगड्या दे.' ती ओंजळभर उचलून देते. तिच्यासाठी एक ते वीस हे गाणं आहे, मोजणं अजून सुरू व्हायचं आहे. एक बांगडी सरकवायची, एक आकडा बोलायचा, शेवटचा आकडा म्हणजेच 'एवढ्या', हे कळायला रोज दहा मिनिटं आणि समोर बसलेलं मोठं माणूस लागतं. दिल्लीच्या २१४ बालवाड्यांत गणिती खेळांचा प्रयोग झाला, त्याचे निकाल २०१७ साली आले. मुलांची अंदाजाची समज सुधारली आणि वर्षभर टिकली, पण शाळेतल्या गणितात तिचा उपयोग झाला नाही. आम्ही त्यावरून एवढंच घेतो की खेळासोबत आकड्याचा शब्द आणि अंकाचं कार्ड त्याच वेळी समोर हवं. पाच बांगड्या, तोंडानं 'पाच', आणि बाजूला '५'.

साहित्याचा खर्च इथे अडत नाही. चिंचोके, सरकी, बोरं, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, भुलाबाईची गाणी, घरोघरी आहे सगळं. फक्त एक सावधगिरी प्रशिक्षणात सांगायची राहून जाते: तीन वर्षांच्या लेकराच्या हाती तूर, हरभरा, चिंचोका देऊ नये. ते नाकात घालतात, आणि हरभरा ओलाव्यानं फुगला की डॉक्टरशिवाय निघत नाही. त्यांना बांगड्या, दाणे काढलेली मक्याची कणसं, नाहीतर ज्वारीच्या धांड्याचे वीतभर तुकडे द्यावे. धांड्याची साल आधी काढून, कारण ती बोट कापते.

गोष्टीबद्दलही असंच. रोज नवी गोष्ट सांगायचा दंडक काढून टाका. एकच गोष्ट तीन दिवस चालवावी. पहिल्या दिवशी सेविकेनं सांगायची, दुसऱ्या दिवशी मध्ये थांबून 'आता कोल्हा काय करंल?' विचारायचं, तिसऱ्या दिवशी पोरांनी सांगायची. सेविकेला येणाऱ्या दोन-तीन जुन्या गोष्टींवर महिना निघतो. पण हे वीस पोरांच्या गर्दीत होत नाही. आठ-दहा जणांचा गोल लागतो, म्हणजे बाकीच्यांकडे बघायला दुसरं माणूस लागतं. फिरून आपण तिथेच येतो.

चौथी तक्रार वेळापत्रकाची. ती थोडक्यात: दिवाळीनंतर कापसाचा वेचा, मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता, मेळघाटातून कामासाठी स्थलांतर. या दिवसांत पट पडतो आणि सेविकेला नोटीस जाते. मोहाची फुलं पहाटे वेचतात, आई घरी नसते, लेकरू तिच्यासोबत जंगलात असतं. आणि ४४-४५ अंशांत टिनाच्या छपराखाली अकरानंतर पोरं बसवणं हाच मुळात धोका आहे.

पाचवी, आणि ही महिला-बालविकास आणि शिक्षण या दोन्ही विभागांना मिळून आहे. पाच वर्षांची मुलं कुठे शाळेच्या बालवाटिकेत, कुठे अंगणवाडीत, कुठे दोन्ही पटांवर आणि प्रत्यक्षात कुठेच नाहीत. बालवाटिकेला वेगळी शिक्षिका नसली तर पहिलीच्या गुरुजींनीच दोन्ही वर्ग बघायचे. पहिलीत आल्यावर पुन्हा 'अ' पासून सगळ्यांना एकसारखं सुरू होतं. अंगणवाडीत कमावलेलं पहिलीत असंच वाया जातं. बालवाडीचा फायदा शाळेत का विरतो, याची संशोधकांनी दिलेली एक कारणमीमांसाही हीच आहे.

कायद्याचा आधार नाही असं म्हणता येणार नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ११ तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था करायची मुभा सरकारला देतं, आणि एप्रिल २०२२ मध्ये सेविकांच्या ग्रॅच्युइटीचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाड्या हे काम करतात याची दखल घेतली आहे. आणि परंपरा तर या मातीतलीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी आदिवासी पाड्याच्या अंगणात नेली. इकडे सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीममध्ये पूर्व बुनियादीचा, म्हणजे शाळेआधीच्या शिक्षणाचा, विचार झाला. महागड्या साधनांशिवाय चांगलं बालशिक्षण होतं, हे त्या लोकांनी करून दाखवलं. पण माणसांशिवाय होतं, असं कुणी म्हटलं नाही.

आमच्या मागण्या अशा:

अंगणवाडीच्या वेळेतले सलग दोन तास शिकवण्यासाठी राखून ठेवा. त्या वेळात ॲपची नोंद, फोन, बैठक, टीएचआर वाटप, सर्वेक्षण काहीही नको, आणि सेविकेनं फोन उचलला नाही म्हणून तिला जाब विचारला जाऊ नये. यासाठी पैसा लागत नाही, एक लेखी आदेश लागतो.

तमिळनाडूच्या धर्तीवर प्रत्येक अंगणवाडीला गावातलीच एक अर्धवेळ शिक्षण सहायिका द्या. सगळीकडे एकदम जमणार नसेल तर आदिवासी तालुके आणि वीसपेक्षा जास्त हजेरीच्या अंगणवाड्या आधी घ्या. तिचं मानधन महिन्याच्या महिन्याला द्या. चार महिने थकलं की चांगली मुलगी काम सोडून जाते आणि प्रशिक्षण वाया जातं. मदतनीसची जागा रिकामी झाली तर भरती होईपर्यंत स्वयंपाकाची पर्यायी सोय त्याच आठवड्यात व्हावी.

जिथे घरची भाषा मराठी नाही तिथे सहायिका त्या बोलीची असावी, आणि तपासणीच्या नमुन्यात 'लेकराच्या भाषेत बोलणं होतं का' हा प्रश्न घालावा.

पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत लेखनाच्या वह्या आणि परीक्षा बंद. यात शाळेच्या बालवाटिकाही आल्या. खाजगी वर्गांसाठीही नोंदणी आणि किमान नियम हवेत.

वेळ ठरवायचा अधिकार ग्रामपंचायत आणि सेविकेला द्या. उन्हाळ्यात साडेसात ते दहा, वेच्याच्या दिवसांत आया निघायच्या वेळेला धरून.

मुख्य सेविकेच्या भेटीत पंधरा मिनिटं नुसतं बसून पाहणं सक्तीचं करा. किती लेकरं आपणहून बोलली, सेविकेनं किती प्रश्न विचारले, एवढंच टिपायचं. एका बीटात (एका मुख्य सेविकेच्या हद्दीत) वीस-पंचवीस अंगणवाड्या असतात, तरी महिन्यातून एकदा हे होऊ शकतं.

दर एप्रिलमध्ये सेविका आणि पहिलीचे गुरुजी यांनी एक दिवस एकत्र बसून प्रत्येक लेकराची माहिती हातोहात द्यावी: कुठल्या भाषेत बोलतं, किती मोजतं, कुठली गोष्ट सांगतं.

आणि शेवटची मागणी पुराव्याचीच. मिशिगन आणि जमैकाचे आकडे आपण किती वर्षं सांगणार? विदर्भातल्या काही तालुक्यांत सहायिका आधी द्यावी लागेल, काहींत नंतर. ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि दोन्हीकडची मुलं पाचवीपर्यंत, दहावीपर्यंत पाठपुराव्यात ठेवा. निकाल आपल्या बाजूचा येवो की न येवो, तो मराठीत छापून गावागावांत द्या.

अंगणवाडीचं नवं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. दोन तासांचा आदेश त्याआधी काढा, आणि तो प्रत्येक अंगणवाडीच्या बाहेरच्या भिंतीवर, वावरात जाणाऱ्या आईला चालता चालता वाचता येईल एवढ्या अक्षरात रंगवा.

आपले,
विदर्भातल्या अंगणवाड्यांसोबत काम करणारे प्रशिक्षक आणि कार्यकर्ते